घराघरातून वाढलेली तेजी : जपान, १९५५ ते १९७३

१९५५ साली जपानमध्ये कामधंदा करणाऱ्या दर दहा माणसांपैकी चार जण शेती, मासेमारी किंवा जंगलकाम यांवर जगत होते. बहुतेक घरांत भात चुलीवर शिजे, कपडे टबात फळीवर घासून धुतले जात आणि जेवणाचा ठेंगणा घडीचा चौरंग उचलून त्याच जागी रात्री अंथरुणे पडत. १९७३ पर्यंत जवळजवळ प्रत्येक घरात धुलाई यंत्र, फ्रिज आणि टीव्ही आलेला होता. दारात मोटार असणारी घरेही वाढत होती. मधल्या अठरा वर्षांत देशाची अर्थव्यवस्था सरासरीने वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढली आणि १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीला मागे टाकून ती भांडवलशाही जगात अमेरिकेनंतर दुसऱ्या क्रमांकावर गेली.

यात एक जुने कोडे आहे. कारखाना चालायचा तर माल घेणारे गिऱ्हाईक हवे. गिऱ्हाइकाच्या हातात पैसा यायचा तर त्याला पगार हवा, आणि पगार मिळायचा तर कारखाना आधी चाललेला हवा. गरीब देशात हे चक्र सुरू कोण करणार? जपानने परदेशी माल विकून हे साधले, असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. त्या काळात जपानची निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच होती. कारखान्यांतून निघालेला बहुतेक माल जपानी माणसांनीच विकत घेतला. त्यावर आणखी एक नवल असे, की खरेदीला उधाण आलेले असताना हीच माणसे आधीपेक्षा जास्त बचतही करत होती.

तापलेले दूध आणि विरजण

युद्ध संपले तेव्हा शहरे जळलेली होती, पण लोकांचे शिक्षण आणि कारागिरी जळाली नव्हती. अमेरिकी ताब्याच्या काळात (१९४५ ते १९५२) तीन मोठे बदल झाले. कामगारांना संघटना बांधण्याचा हक्क मिळाला. मोजक्या घराण्यांच्या हातातले उद्योगसमूह मोडले गेले. तिसरा बदल सर्वांत खोल गेला, तो जमिनीचा. युद्धापूर्वी कसली जाणारी जवळजवळ निम्मी जमीन कुळांकडे होती. सरकारने ती जमीनदारांकडून घेऊन कसणाऱ्यांना विकली आणि १९५० पर्यंत कुळांकडच्या जमिनीचे प्रमाण एक दशांशापर्यंत खाली आले. पिकाचा मोठा वाटा खंडात जाणे थांबले, आणि गावातल्या लाखो घरांच्या हातात प्रथमच खर्च करण्याजोगा पैसा उरू लागला. तेजीच्या गोष्टीत कारखान्यांचे नाव आधी घेतले जाते, पण तिचे पहिले गिऱ्हाईक या शेतात तयार झाले.

सारे जुळून आले होते, तरी चक्र फिरत नव्हते. दूध तापवून कोमट करून ठेवले तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तशी ती स्थिती होती. १९४९ मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारी खर्चाला कात्री लागली आणि एका डॉलरला ३६० येन हा दर ठरला. तो १९७१ पर्यंत टिकला. कारखाने मात्र मंदीत बुडाले. जून १९५० मध्ये शेजारच्या कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याने ट्रक, कापड, पोलाद, दुरुस्ती यांची कामे जपानला दिली. दिवाळखोरीच्या काठावर आलेली टोयोटा कंपनी याच ट्रकांच्या मागणीने सावरली. विरजण लागले ते असे, शेजाऱ्यांच्या विनाशातून.

आलेला डॉलर बऱ्याच अंशी यंत्रांवर आणि परदेशी तंत्रज्ञानावर खर्च झाला. नायलॉन बनवण्याचा परवाना अमेरिकेच्या ड्यूपाँकडून आला, ट्रान्झिस्टरचा वेस्टर्न इलेक्ट्रिककडून. त्या परवान्यावर १९५५ मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ काढणारी छोटी कंपनी पुढे सोनी झाली. पोलादाचे नवे कारखाने थेट समुद्रकाठी बांधले गेले, कारण लोहखनिज बाहेरूनच आणायचे होते. त्यातला काही वाटा गोव्याचा होता. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या खाणींतून निघालेले खनिज बार्जमधून मांडवी आणि जुवारीच्या पात्रातून मुरगाव बंदरात येई आणि तिथून जहाजाने जपानला जाई.

पंधराव्या वर्षी शहरात

कारखान्यांना हात हवे होते आणि ते खेड्यांत होते. १९५४ पासून दर वसंतात उत्तरेकडच्या आओमोरी, अकिता अशा प्रांतांतून खास आगगाड्या सुटू लागल्या. सक्तीचे नऊ वर्षांचे शिक्षण नुकतेच संपवलेली पंधरा वर्षांची मुलेमुली त्यांत असत. नोकरी शाळेने आणि रोजगार कार्यालयाने आधीच ठरवून दिलेली असे. तोक्योच्या उएनो स्थानकावर मालक किंवा त्याचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा राही, आणि मुले त्याच्यामागून छोट्या कारखान्यांत, किराणा दुकानांत, लाँड्रीत कामाला जात.

या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. १९६०च्या दशकाच्या मध्यात एका मुलामागे तीनहून अधिक जागा असत, त्यामुळे मालकांना पगार वाढवावे लागले, राहण्याजेवणाची सोय सुधारावी लागली. कौतुकाचे नाव मिळाले तरी घर सोडून अनोळखी शहरात राबणाऱ्या पोरांचे कष्ट काही कमी नव्हते. अनेकांनी पहिली नोकरी वर्षा-दोन वर्षांत सोडली.

मोठ्या कंपन्यांत मात्र वेगळी रीत पक्की होत गेली. शाळा-कॉलेजातून थेट भरती, वयाबरोबर वाढणारा पगार आणि निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी. कामगार संघटना कंपनीपुरत्या असल्याने एकेकट्या दुबळ्या होत्या. १९५५ पासून त्यांतल्या अनेकांनी मिळून दर वसंतात एकाच वेळी पगारवाढ मागायला सुरुवात केली. एखाद्या आघाडीच्या उद्योगात आकडा ठरला, की बाकीचे उद्योग त्याच्या आसपास येत. कारखान्याची उत्पादकता अशा रीतीने कामगाराच्या खिशापर्यंत पोचू लागली, आणि कोड्यातला पहिला अडथळा इथे दूर झाला.

एका घराची दोन-तीन घरे

केवळ पगार वाढल्याने इतकी यंत्रे खपली नसती. मागणी वाढण्याचे दुसरे कारण कुटुंबाच्या रचनेत होते, आणि ते बहुतेक वर्णनांत निसटते.

१९५५ मध्ये जपानी घरात सरासरी पाच माणसे राहत. १९७० मध्ये ती साडेतीनवर आली. याच काळात लोकसंख्या सुमारे नऊ कोटींवरून साडेदहा कोटींच्या जवळ गेली. ढोबळ हिशेब मांडला तर नऊ कोटी माणसांची, पाचाच्या हिशेबाने, एक कोटी ऐंशी लाख घरे होतात. साडेदहा कोटींची, साडेतीनाच्या हिशेबाने, तीन कोटी. माणसे सहाव्या हिश्शाने वाढली, घरे दोन तृतीयांशाने. फ्रिज माणशी लागत नाही, घरटी लागतो. गावातल्या एका मोठ्या घरातून दोन मुले शहरात जाऊन संसार थाटू लागली, की एका फ्रिजच्या जागी तीन लागतात.

घरे लहान होण्यामागे जन्मदरही होता. १९४७ मध्ये एका स्त्रीला सरासरी साडेचार मुले होत. दहाच वर्षांत हा आकडा दोनवर आला. लग्ने ठरण्याची रीतही बदलली. मध्यस्थामार्फत ठरलेल्या लग्नांपेक्षा एकमेकांना पसंत करून केलेली लग्ने १९६०च्या दशकाच्या अखेरीस जास्त झाली.

या नव्या संसारांना जागा देण्यासाठी १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले. शहरांच्या कडेला त्याने चार-पाच मजली सिमेंटच्या इमारतींच्या वसाहती उभ्या केल्या. त्यांना ‘दांची’ म्हणत. घर जेमतेम ४० चौरस मीटरचे : दोन खोल्या आणि जेवण्याइतके मोठे स्वयंपाकघर. नवे होते ते त्याचे नियोजन. जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी झाली, त्यामुळे टेबल-खुर्च्या आल्या. चकचकीत स्टेनलेस स्टीलचे सिंक होते, स्वतःची न्हाणी होती, आणि कुलूप लावून एका किल्लीवर बंद करता येणारे दार होते. सासू-सासऱ्यांना वेगळी खोली मात्र नव्हती. भाडे चढे असूनही अर्ज इतके येत, की घरे सोडत काढून द्यावी लागत. १९६० मध्ये युवराज अकिहितो आणि युवराज्ञी मिचिको यांनी तोक्योजवळच्या हिबारिगाओका वसाहतीला भेट दिली, तेव्हा अशा घरात राहणे ही देशभर मिरवण्याची गोष्ट झाली.

तीन रत्ने

जपानच्या राजगादीची परंपरेने तीन पवित्र चिन्हे मानली जातात : आरसा, तलवार आणि रत्न. १९५०च्या दशकात लोक कृष्णधवल टीव्ही, धुलाई यंत्र आणि फ्रिज यांना तेच नाव देऊ लागले. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर नवी त्रयी आली : मोटार, एअर कंडिशनर आणि रंगीत टीव्ही.

या वस्तू आवाक्यात कशा आल्या, ते किमतींवरून दिसते. १९५३ मध्ये शार्पचा पहिला जपानी बनावटीचा टीव्ही १,७५,००० येनला होता. नव्याने लागलेल्या कारकुनाचा तो दोन वर्षांहून अधिक पगार होता. दशक संपता संपता चौदा इंची संच साठ हजारांच्या आसपास मिळू लागला, आणि दरम्यान पगारही वाढले होते. धुलाई यंत्राचे असेच झाले. सान्योने १९५३ मध्ये टबाच्या बाजूला फिरती चकती बसवून साधे, लहान यंत्र २८,५०० येनला आणले. आधीच्या यंत्रांच्या मानाने ते जवळजवळ निम्म्या किमतीचे होते. किंमत उतरली की नवा थर विकत घेतो, खप वाढला की एका यंत्रामागचा खर्च आणखी उतरतो. साच्यांवर, यंत्रांवर आणि जुळणीच्या पट्ट्यावर एकदा केलेला खर्च मग दहा हजारांऐवजी दहा लाख नगांवर वाटला जातो.

१९५७ मध्ये शंभरात साधारण आठ शहरी घरांत टीव्ही होता. १९६५ मध्ये नव्वद घरांत. फ्रिज मागून आला. १९५७ मध्ये शंभरात तीन घरांतही तो नव्हता, १९६५ मध्ये निम्म्या घरांत पोचला.

वस्तूंची पारख करणारेही याच काळात उभे राहिले. १९४८ मध्ये सुरू झालेले ‘कुराशी नो तेचो’ हे नियतकालिक जाहिराती घेत नसे. घरगुती वस्तू विकत आणून, वापरून, मोडेपर्यंत ताणून ते निकाल छापी. गृहिणींच्या संघटनांनी १९७० मध्ये रंगीत टीव्हीच्या फुगवलेल्या किमतींविरुद्ध बहिष्कार पुकारला आणि कंपन्यांना भाव उतरवावे लागले.

| चौकट : भात झाला, हे यंत्राला कसे कळते? |
|---|
| डिसेंबर १९५५ मध्ये तोशिबाने विजेचा भात कुकर बाजारात आणला. किंमत ३,२०० येन. आधीच्या यंत्रांना वेळ लावून द्यावी लागे, पण ऋतू, पाणी आणि तांदळाचे माप बदलले की वेळ चुके. तोशिबासाठी हे काम करणारे योशितादा मिनामी आणि त्यांच्या पत्नी फुमिको यांनी दुहेरी भांड्याचा मार्ग काढला. आतल्या भांड्यात तांदूळ आणि पाणी, बाहेरच्या भांड्यात मोजून एक पेला पाणी. बाहेरचे पाणी उकळत असेपर्यंत तिथले तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. वीसेक मिनिटांत ते पाणी आटते आणि तापमान एकदम चढते. तिथे दोन धातूंची जोडपट्टी बसवलेली असते. तापल्यावर दोन्ही धातू कमीजास्त फुगतात, पट्टी वाकते आणि विजेची जोडणी तुटते. बाहेरच्या भांड्यातले पाणीच घड्याळाचे काम करते. पहाटे उठून चुलीपुढे बसण्याचे बाईचे काम या एका पट्टीने संपवले. |

खर्चही वाढला, बचतही वाढली

आता दुसरे कोडे. १९५०च्या दशकाच्या मध्यात जपानी कुटुंबे खर्चण्याजोग्या मिळकतीचा आठवा हिस्सा मागे टाकत. १९७०च्या दशकारंभी पाचवा. खरेदीची एवढी लाट असताना हे घडले कसे?

पहिले कारण वेगाचे. पगार दरवर्षी वाढत होता, पण राहणीची सवय तितक्या वेगाने बदलत नाही. बारा टक्के पगारवाढ झाली आणि खर्च नऊ टक्क्यांनी वाढला, तर खरेदी आणि शिल्लक दोन्ही वाढतात. दुसरे कारण बोनसचे. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात असा वर्षातून दोनदा तो एकरकमी हाती येई. महिन्याचे घर नेहमीच्या पगारात चाले, बोनसमधून यंत्राचा पहिला हप्ता किंवा पूर्ण किंमत भरली जाई, उरलेले टपाल बचत खात्यात जाई. तिसरे कारण गरजेचे. बँका कारखान्यांना कर्ज देत, घरासाठी सामान्य माणसाला सहसा देत नसत. १९६१ मध्ये आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन सर्वांना लागू झाले, तरी त्या पेन्शनची रक्कम तुटपुंजी होती. घर, मुलांचे शिक्षण, म्हातारपण या तिन्हींसाठी स्वतःच साठवणे भाग होते.

ही शिल्लक पडून राहत नसे. बँकेतली ठेव कारखान्यांच्या नव्या यंत्रांसाठी कर्जाऊ जाई. टपाल खात्यातली ठेव सरकारी निधीतून रस्ते, बंदरे, रेल्वे आणि त्या दांची वसाहतींकडे वळे. गृहिणीने धुलाई यंत्र घेतले म्हणून कारखान्याला गिऱ्हाईक मिळाले, आणि तिने टपालात पैसे टाकले म्हणून त्याच कारखान्याकडे जाणारा रस्ता झाला. एकाच घराने मागणीही पुरवली आणि भांडवलही.

दहा वर्षांत दुप्पट

१९६० चे वर्ष अशांततेचे होते. अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले, पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावे लागले. दुसरीकडे देश कोळशावरून तेलावर जात असल्याने मिइके खाणीत कामगार कपातीविरुद्ध दीर्घ संप चालला होता. नवे पंतप्रधान हायातो इकेदा यांनी डिसेंबरात राष्ट्रीय उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट करण्याची योजना जाहीर केली. तिच्यामागे अर्थतज्ज्ञ ओसामु शिमोमुरा यांचा विचार होता.

दुप्पट हा आकडा भव्य वाटतो, पण हिशेब साधा आहे. ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. वर्षाला ७.२ टक्के वाढ झाली तर दहा वर्षे लागतात, दहा टक्के झाली तर सातच. प्रत्यक्षात सातेक वर्षांतच उत्पन्न दुप्पट झाले. योजनेचा खरा उपयोग भरवसा देण्यात होता. मागणी वाढणारच, अशी खात्री पटल्यावर एका कंपनीने कारखाना वाढवला की तिला पोलाद पुरवणाऱ्याने भट्टी वाढवली आणि भट्टी बांधणाऱ्याने माणसे घेतली.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका शिंकान्सेन सुरू झाली, दहा दिवसांच्या आतच तोक्यो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. ५१५ किलोमीटरचा प्रवास चार तासांत होऊ लागला, वर्षभराने तीन तास दहा मिनिटांत. त्या मार्गासाठी जागतिक बँकेने आठ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते.

पडदा घरात आला

दूरचित्रवाणी १९५३ मध्ये सुरू झाली तेव्हा संच जवळजवळ कोणाकडेच नव्हते. खासगी वाहिनीने चौकाचौकांत मोठे संच लावले. फेब्रुवारी १९५४ मध्ये मल्ल रिकिदोझानने अमेरिकेहून आलेल्या मल्लांशी दिलेल्या कुस्त्या पाहायला त्यांच्यापुढे गर्दी लोटली. मग टीव्ही चहाच्या दुकानांत आला, मग शेजाऱ्याकडे, मग आपल्या घरी. यासुजिरो ओझू यांच्या १९५९ च्या ‘ओहायो’ चित्रपटातली दोन भावंडे टीव्हीसाठी आईबापांशी अबोला धरतात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये युवराजांचे लग्न होते, आणि ते घरी बसून पाहता यावे म्हणून टीव्ही परवान्यांची संख्या वर्षभरात दहा लाखांवरून वीस लाखांवर गेली.

याची किंमत चित्रपटगृहांनी मोजली. १९५८ मध्ये देशात ११२ कोटी तिकिटे खपली होती. पाच वर्षांत ती निम्म्याहून कमी झाली. गावोगावच्या माणसांना एकाच रात्री एकच कार्यक्रम दिसू लागला, एकाच घराचे चित्र डोळ्यांपुढे येऊ लागले. पुढे सरकारी पाहण्यांत दहातले नऊ जण स्वतःला मध्यमवर्गीय म्हणू लागले. सर्वांचे उत्पन्न काही सारखे झालेले नव्हते, वस्तू मात्र बऱ्याच सारख्या झाल्या होत्या.

दिवसाचे घर, रात्रीचे घर

शेतातल्या घरात नवरा, बायको, आजी, मुले एकाच कामाला जुंपलेली असत. दांचीत कामाची जागा आणि घर यांत लोकलचा तासाभराचा प्रवास आला. पुरुष सकाळी जाई, कामानंतर सहकाऱ्यांबरोबर थांबे, रात्री उशिरा परते. दिवसाचे घर बायको-मुलांचे झाले. यंत्रांनी बाईचे तास वाचवले खरे, पण ते तिच्याकडे मोकळे उरले नाहीत. कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले, डबे अधिक नीटनेटके झाले, आणि मुलांच्या अभ्यासावर देखरेख हे तिचे मुख्य काम होऊन बसले. १९५५ मध्ये निम्मी मुले उच्च माध्यमिक शाळेत जात, १९७४ मध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त. चांगल्या कंपनीची वाट चांगल्या शाळेतून जात असल्याने घरादाराचा जीव परीक्षांना टांगला गेला.

ताटही बदलले. पोळ्या-भाकरी नसलेल्या या देशात भात कमी होणे ही मोठी घटना होती. दरडोई तांदळाचा खप १९६२ मध्ये ११८ किलोंवर पोचला आणि तिथून उतरत गेला. पाव, दूध, मांस, अंडी यांनी जागा घेतली. १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी गरम पाण्यात तयार होणाऱ्या नूडल्स आणल्या.

गावात उरले आजोबा, आजी आणि सून. या तिघांची शेती म्हणून तिला नावही पडले. घरचा पुरुष हिवाळाभर शहरात रस्ते आणि बोगदे खोदायला जाई. सरकार तांदूळ चढ्या भावाने घेई, त्यामुळे गावातही छोटे ट्रॅक्टर आणि टीव्ही आले, पण डोंगराळ भागातल्या वाड्या रिकाम्या होत गेल्या. १९७० मध्ये अशा ओस भागांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

मिनामाता

तेजीची सर्वांत जड किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या घरी तिची फळे सर्वांत उशिरा पोचली. क्युशू बेटावरच्या मिनामाता गावी चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. प्लास्टिक मऊ करणारी द्रव्ये बनवण्यासाठी लागणारे ॲसिटाल्डिहाइड तिथे तयार होई. त्या प्रक्रियेत पारा वापरला जाई. त्यातून निर्माण होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर खाडीत जाई, तिथून माशांत, आणि माशांतून कोळ्यांच्या शरीरात. हातपाय थरथरणे, दृष्टी आक्रसणे, बोलणे अडखळणे, मृत्यू. आईला लक्षणे नसतानाही पोटातले मूल बाधित होई.

१ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. काही वर्षांतच संशयाचे बोट कारखान्याकडे वळले, तरी ती प्रक्रिया १९६८ च्या मे महिन्यापर्यंत चालू राहिली. सरकारने कारण मान्य केले ते सप्टेंबरात, म्हणजे प्रक्रिया बंद पडल्यानंतर. ती बारा वर्षे केवळ अज्ञानाची नव्हती. उत्पादन थांबू नये ही इच्छा कोळ्यांच्या जिवापेक्षा मोठी ठरली. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. योक्काइचीच्या पेट्रोरसायन संकुलाभोवतीचा दमा, जिंत्सू नदीकाठचा कॅडमियमचा हाडे ठिसूळ करणारा रोग, निगाताची दुसरी पारा-बाधा, या खटल्यांतही रोगग्रस्त जिंकले. १९७० मध्ये संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणाविषयी चौदा कायदे झाले, पुढच्या वर्षी पर्यावरण संस्था स्थापन झाली. वाढत्या मोटारींचीही किंमत होती : त्याच १९७० साली रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे मेली.

तेजी का ओसरली

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी नाते तोडले आणि ३६० येनचा दर गेला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल आखडले. ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीत टॉयलेट पेपर संपणार अशी हूल उठली आणि देशभर दुकानांपुढे रांगा लागल्या. १९७४ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली आणि युद्धोत्तर काळात प्रथमच अर्थव्यवस्था आकसली.

तेलाचा धक्का बसला नसता तरी वेग मंदावलाच असता, कारण चक्र फिरवणारे बळ सरत आले होते. खेड्यातले तरुण हात संपले होते. मुले उच्च शिक्षणाकडे वळल्याने पंधराव्या वर्षी कामाला जाणारे उरले नाहीत, आणि त्या खास आगगाड्या १९७५ मध्ये बंद झाल्या. घरे लहान होण्याचा वेग कमी झाला. धुलाई यंत्र, फ्रिज आणि टीव्ही जवळजवळ प्रत्येक घरात पोचल्यावर पुढची विक्री फक्त जुने बदलण्यापुरती उरली. परदेशातून विकत घेण्याजोगे तंत्रज्ञानही बरेचसे घेऊन झाले होते. १९७४ नंतर जपानची वाढ वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास स्थिरावली. कारखान्यांनी कमी तेलावर चालणाऱ्या मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडे मोर्चा वळवला, आणि त्यांचे गिऱ्हाईक आता मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर होते.